शिडाच्या होडीतून कॅरिबियन: ग्रेनेडीन्सची पहिली सफर आणि बेक्वेचा मुक्काम

कॅरिबियन म्हटलं की आपल्याकडे क्रूझची बारा मजली जहाजं डोळ्यांसमोर येतात. हा लेख त्यांच्याबद्दल नाही. बारा-तेरा मीटर लांबीची शिडाची होडी पाच-सहा जणांनी मिळून भाड्यानं घ्यायची, वाऱ्यावर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं, रात्री नांगर टाकून होडीतच झोपायचं, अशी सफर करायची इच्छा असलेल्यांसाठी तो आहे. मी ही सफर केली आहे आणि पुन्हा केली आहे. भारतातून जाणाऱ्याला कुठे अडखळायला होतं ते आता नीट माहीत झालंय, म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

सगळ्यात आधी एक विनंती. बेटं मोजत सुटू नका. आठवड्यात तीन देश आणि दहा बेटं असा बेत कागदावर छान दिसतो, पण प्रत्यक्षात रोज सकाळी नांगर उचलायचा, रोज दुपारी टाकायचा आणि मधल्या वेळात इमिग्रेशनच्या खिडकीपुढे उभं राहायचं, एवढंच हाती लागतं. एक देश घ्या, एक बेट मुक्कामाला निवडा, तिथे निदान तीन रात्री काढा. पुढचा सगळा बेत याच हिशेबानं सांगितला आहे.

१. पट्टा आणि महिना ठरवा

व्हर्जिन आयलंड्सपासून ग्रेनेडापर्यंत बेटांची कमान आहे. उत्तरेचे ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स नवख्यांसाठी सर्वांत सोपे. बेटं जवळजवळ आहेत आणि मधलं पाणी आडोशाचं आहे, पण गर्दी फार. माझी शिफारस दक्षिणेच्या सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडीन्सची. सेंट व्हिन्सेंट हे मोठं ज्वालामुखीचं बेट. त्याच्या दक्षिणेला बेक्वे, मस्टिक, कॅनुआन, मायरो, टोबॅगो कीज आणि युनियन अशी रांग लागते. सगळा एकच देश, त्यामुळे मध्ये कुठेही सीमाशुल्काची कटकट नाही. वाराही खराखुरा मिळतो: ईशान्य-पूर्वेचे व्यापारी वारे हंगामात बहुतेक दिवस १५ ते २५ नॉट (ताशी सागरी मैल) वाहतात.

चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. या काळात भाडी उतरतात म्हणून मोहात पडू नका. २०२४ च्या जूनअखेरीस टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेला आपला संघ बार्बाडोसमध्ये अडकून पडला होता, ते आठवत असेल. ते बेरिल वादळ. १ जुलैला ते ग्रेनेडाच्या कॅरियाकू बेटावर धडकलं आणि शेजारच्या युनियन बेटावरची जवळजवळ सगळी घरं त्यानं मोडली. एरवी वादळांचा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये असतो, पण बेरिल जूनच्या शेवटीच आलं.

डिसेंबरअखेर ते जानेवारी वारा अंगावर येतो. तिथले लोक त्याला 'ख्रिसमस विंड्स' म्हणतात आणि ३० नॉटपर्यंतचे दिवस सलग येऊ शकतात. पहिल्या सफरीला फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिलअखेर हा काळ उत्तम.

२. होडी कशी घ्यायची

तीन मार्ग आहेत. पहिला, केबिन चार्टर: एका खोलीचे पैसे भरायचे, बाकी सगळं होडीवरचे लोक बघतात. दोघंच जात असाल तर हाच घ्या. दुसरा, होडी तुमची पण तांडेल भाड्याचा. तिसरा, बेअरबोट: होडी फक्त मिळते, चालवायची तुम्ही.

नवख्यांनी दुसरा मार्ग घ्यावा असं माझं ठाम मत आहे, प्रमाणपत्र खिशात असलं तरीही. स्थानिक तांडेलाला दिवसाला साधारण २०० ते २५० अमेरिकन डॉलर आणि जेवण द्यावं लागतं. त्याला स्वतंत्र झोपायची जागा द्यावी लागते, म्हणजे खोल्या मोजताना एक माणूस वाढवा. हे अनेक जण विसरतात. पण हा माणूस तुम्हाला चालवायलाही देतो आणि शिकवतोही. खडक कुठे, कुणाकडून मासे घ्यायचे, कुठल्या खाडीत रात्री लाट आत येते, हे त्याला पाठ असतं.

एक सांगाड्याची होडी की दोन सांगाड्यांची कॅटामरान? घरातली वयस्कर माणसं किंवा मुलं सोबत असतील तर कॅटामरान, कारण ती कलत नाही आणि जागा भरपूर असते. शिडाची खरी मजा हवी असेल तर एक सांगाड्याची. भाड्यात जवळपास दुपटीचा फरक पडतो. भाड्याच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत काय आहे ते वाचा: नुकसानीची ठेव, ती कमी करणारा विमा, शेवटची सफाई, डिंगीचं (किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीचं) इंजिन, चादरी-टॉवेल. या वरच्या खर्चानं बजेट कोलमडतं.

परदेशी कंपनीला आगाऊ रक्कम भारतातून पाठवताना ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली जाते. पॅन आणि ए-२ फॉर्म लागतो, आणि ठरावीक मर्यादेवर टीसीएस (उगमापाशी गोळा होणारा कर) कापला जातो. करार आणि बीजक हाती असल्याशिवाय बँकेत जाऊ नका.

३. प्रमाणपत्र आणि एक गोष्ट जी भारतात शिकलेल्यांनी उलटी करायची

बेअरबोट घ्यायची असेल तर कंपनी तुमचा नौकानयनाचा अनुभव लिहून मागते: किती मैल, कुठल्या लांबीच्या होडीवर, तांडेल म्हणून की खलाशी म्हणून. रॉयल यॉटिंग असोसिएशनचं डे स्किपर किंवा अमेरिकन सेलिंग असोसिएशनचं १०४ असेल तर काम सोपं होतं. मुंबईच्या बंदरात आणि मांडव्याला शिडाच्या होड्या शिकता येतात. तिथली सवय वाऱ्याच्या आणि शिडाच्या कामाला उत्तम. पण दोन फरक डोक्यात पक्के करून जा.

पहिला फरक बोयांचा, म्हणजे पाण्यातली वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचा. भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. कॅरिबियनमध्ये तो उजव्या हाताला ठेवायचा. जगात बोयांच्या दोन पद्धती आहेत, अ आणि ब. आपण अ मध्ये, दोन्ही अमेरिका खंड आणि कॅरिबियन ब मध्ये. ज्यांचा हात इथे बसलाय त्यांच्यासाठी ही साधी नव्हे तर होडी खडकावर चढवणारी गफलत आहे. सुकाणूजवळ चिकटपट्टीवर 'आत जाताना लाल उजवीकडे' असं लिहून चिकटवा.

दुसरा फरक भरती-ओहोटीचा. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. तिथे फरक साधारण अर्ध्या मीटरचा. भरतीची वाट बघून उथळावरून निघण्याची सोय तिथे नाही. एकदा टेकलात की टेकलात.

४. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर सेंट व्हिन्सेंट, ग्रेनेडा आणि बार्बाडोस इथे पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. खरी अडचण वाटेत येते. मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेतून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकन व्हिसा लागतो. लंडनमार्गे गेलात तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि वैध अमेरिकन व्हिसा असल्यास काही अटींवर त्यात सूट मिळते. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जाणारं तिकीट घेतलंत, म्हणजे हीथ्रोला उतरून गॅटविकहून उड्डाण, तर नियम आणखी बदलतात. तिकीट काढण्यापूर्वी हे सगळं त्या-त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर तपासा.

मार्टिनिक जवळ आहे म्हणून तिथून होडी घेण्याचा सल्ला कुणी देईल. तो फ्रान्सचा भाग आहे पण शेंगेनमध्ये नाही. नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. फ्रान्सच्या सागरपार प्रदेशांसाठी वैध असल्याची नोंद त्यावर हवी.

सोबत ठेवायची यादी:

- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने वैध
- परतीचं विमान तिकीट, छापील
- होडीचा करार आणि सगळ्यांची नावं, जन्मतारखा, पासपोर्ट क्रमांक असलेली खलाशी यादी, चार-पाच प्रती
- नौकानयनाचं प्रमाणपत्र आणि अनुभवपत्र
- प्रवास विमा, ज्यात समुद्रावरची सफर आणि हवाई रुग्णवाहिका स्पष्ट लिहिलेली असेल
- नेहमीच्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी, इंग्रजीत
- अमेरिकन डॉलरच्या छोट्या नोटा

विमानानं येऊन होडीनं ग्रेनेडाला उतरणार असाल, तर सेंट व्हिन्सेंटच्या विमानतळावर तुम्हाला विचारलं जाईल की परतीचं तिकीट इथून का नाही. तेव्हा कराराची प्रत आणि ग्रेनेडाहून निघणारं तिकीट पुढे करा.

५. सामान

मऊ, घडी होणारी बॅग. चाकांची कडक सूटकेस होडीत ठेवायला जागाच नसते, आणि ती डेकवर ओरखडे काढते. कपडे फार कमी लागतात. पण लांब बाह्यांचे पातळ शर्ट घ्याच. सेंट व्हिन्सेंट १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे चेन्नईच्या रांगेत. पाण्यावरून परतणारं ऊन अंग भाजतं.

लष्करी छाप्याचे कपडे नेऊ नका. चट्ट्यापट्ट्यांची कार्गो पँट, टोपी, मुलांची बॅगसुद्धा नाही. सेंट व्हिन्सेंट, ग्रेनेडा, सेंट लुसिया, बार्बाडोस या सगळ्या देशांत सामान्य नागरिकांनी असे कपडे घालणं बेकायदा आहे आणि ते खरंच जप्त होतात.

याशिवाय पोलराइज्ड काचांचा गॉगल, त्याला गळ्यात अडकवायची दोरी, डोक्याचा टॉर्च, पाण्यात चालणारे बूट, फोनसाठी जलरोधक पिशवी, संध्याकाळच्या बारीक चिलटांसाठी मलम. बोट लागण्यावरची गोळी निघायच्या आदल्या रात्री घ्यायची असते, उलटी व्हायला लागल्यावर नाही. आपल्याकडे मिळणारी सिनारिझिन बऱ्याच जणांना लागू पडते. डॉक्टरांना विचारून घ्या. सोबत आलेपाकाच्या वड्या ठेवा, त्या खूप उपयोगी पडतात.

६. किराणा आणि खाणं

दुकानांत बहुतेक माल आयात केलेला, म्हणून महाग. डाळ, पोहे, मसाले, मेतकूट, चहा बंद पाकिटांतून नेता येतो, आणि विचारलं तर जाहीर करा. ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं अजिबात नेऊ नका.

शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही. बाजारात डॅशीन म्हणून जे मिळतं ते अळूच. त्याच्या पानांचं नारळाच्या दुधातलं दाट सूप म्हणजे कॅलालू. त्यात कधी खारवलेलं मांस असतं, तेवढं विचारून घ्या. आणि नीरफणस! तो तिथे ब्रेडफ्रूट म्हणून जेवणाच्या मध्यभागी असतो. भाजलेला नीरफणस आणि तळलेला जॅकफिश हे त्या देशाचं राष्ट्रीय जेवण. कॅप्टन ब्लाय यांनी १७९३ मध्ये ताहितीहून नीरफणसाची रोपं किंग्जटाउनला आणली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खायला घालण्यासाठी. १७६५ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या वनस्पती उद्यानात त्या रोपांच्या वंशातलं झाड आजही दाखवतात. विमानाचा शीण घालवायला पहिली दुपार तिथे काढा. कोकणातल्या माणसानं गाइडला कापांची कृती सांगितली तर गप्पा तासभर चालतात.

रोटी सगळीकडे मिळते: मोठ्या मऊ पोळीत बटाटा-चण्याची, कोंबडीची किंवा बकऱ्याची रस्साभाजी गुंडाळलेली. १ जून १८६१ ला भारतातून करारबद्ध मजुरांचं पहिलं जहाज सेंट व्हिन्सेंटला लागलं, त्या लोकांची ही ठेव. १ जून तिथे भारतीय आगमन दिन म्हणून पाळतात.

७. होडीचा ताबा घेताना

बहुतेक होड्या सेंट व्हिन्सेंटच्या दक्षिण टोकाला ब्लू लगूनमध्ये मिळतात. ताबा घ्यायला तीन तास लागू द्या, घाई करू नका. प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हातानं चालवून बघा: नांगराचं विंच, शीड आखूड करायच्या दोऱ्या, डिंगीचं इंजिन, गॅसचा मुख्य कॉक, पाण्याच्या टाक्या बदलायची किल्ली. जुने ओरखडे, फाटलेली शिवण यांचे फोटो काढा आणि कंपनीच्या माणसाची सही घ्या. हे नसेल तर ठेवीच्या रकमेवरून वाद होतात.

संडासात कागदसुद्धा टाकायचा नाही, हे सगळ्यांना एकदा स्पष्ट सांगा. तुंबला तर समुद्रात तो उघडून साफ करण्याचं काम कुणाच्या वाट्याला येऊ नये.

गोडं पाणी मोजून असतं. भांडी आधी समुद्राच्या पाण्यानं, मग वरून थोडं गोडं पाणी. अंघोळ समुद्रात उडी मारून, शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा.

८. पहिली पार: ब्लू लगून ते बेक्वे

अंतर फक्त नऊ सागरी मैल, दोन तासांचं. तरी हीच पार नवख्यांना हबकवते. दोन बेटांमधल्या अरुंद पट्ट्यात वारा जोर धरतो, आणि प्रवाह पश्चिमेकडे ढकलत असतो. प्रवाह आणि वारा एकमेकांविरुद्ध आले की लाट उभी आणि आखूड होते. म्हणून आडोशात असतानाच मुख्य शीड आखूड करून घ्या. बाहेर पडल्यावर वारा कमी वाटला तर सोडता येतं. उलटं करणं कठीण जातं. आणि होडीचं तोंड जिथे पोचायचं त्याच्या थोडं पूर्वेला ठेवा, प्रवाह तुम्हाला जागेवर आणतो.

पूर्वेला काळा ढग आणि त्याखाली पांढरं झालेलं पाणी दिसलं तर सर येतेय असं समजा. दहा-पंधरा मिनिटांचा झोत असतो. शीड सोडून द्या, सगळ्यांना कॉकपिटमध्ये बसवा, थांबा.

रात्रीचा प्रवास बहुतेक करारांत मनाईच असते आणि ती योग्य आहे. सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही. तीन-साडेतीनला नांगर पडलेला असावा.

९. नांगर

सफरीतलं सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य शीड नव्हे, नांगर. इथे वेळ द्या.

फिकट हिरवं-पांढरं पाणी म्हणजे वाळू, नांगर तिथेच टाकायचा. तपकिरी-काळपट म्हणजे प्रवाळ किंवा गवत, तिथे नाही. नांगर पकडतही नाही आणि शेकडो वर्षांचं प्रवाळ मोडतं. खोली अधिक होडीच्या पुढच्या टोकाची पाण्यापासूनची उंची, याच्या पाचपट साखळी सोडा. पाच मीटर खोली आणि एक मीटर उंची असेल तर तीस मीटर. साखळी ढिगानं टाकू नका; होडी वाऱ्यानं मागे सरकत असताना हळूहळू सोडा. मग इंजिन मागे टाकून हळूहळू जोर द्या, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, त्या हलल्या नाहीत तर नांगर रुतला. यानंतर कुणीतरी गॉगल लावून पोहत जाऊन नांगर डोळ्यांनी बघायचाच. पाणी इतकं स्वच्छ असतं की याला सबब नाही.

बोटीजवळ छोट्या होड्यांतून तरुण येतील: मूरिंग (होडी बांधायचा तयार बोया) देतो, पाव आणतो, कचरा नेतो. यातले बहुतेक मेहनती आणि उपयोगी लोक आहेत. आधी हसून नमस्कार, मग भाव, मग व्यवहार. मूरिंगच्या बोयाचे पैसे द्यायच्या आधी त्याची खालची दोरी आणि वजन पाण्यात उतरून बघा. सगळ्या बोया सांभाळलेल्या नसतात. कचरा मात्र कुणाच्या हाती देऊ नका, तो पुढे कुठे पडतो सांगता येत नाही. किनाऱ्यावरच्या कचरापेटीतच टाका.

भाव ऐकताना 'कुठला डॉलर?' हे विचारायचंच. पूर्व कॅरिबियन डॉलर १९७६ पासून अमेरिकन डॉलरला २.७० या दरानं बांधलेला आहे. एकाच 'पन्नास डॉलर'चे दोन अर्थ होतात आणि त्यांत पावणेतीनपट फरक आहे.

रात्री नांगराचा दिवा लावा, डिंगी पाण्याबाहेर उचलून कुलूप घाला.

१०. बेक्वेत मुक्काम

बेक्वे साधारण अठरा चौरस किलोमीटरचं, पाचेक हजार वस्तीचं बेट. पश्चिमेला ॲडमिरल्टी बे हा प्रचंड, आडोशाचा उपसागर आणि त्याच्या काठाला पोर्ट एलिझाबेथ गाव. नांगर टाकायला सर्वांत चांगली जागा दक्षिणेकडच्या प्रिन्सेस मार्गारेट किनाऱ्यासमोरची वाळू. फेरीच्या वाटेत नांगर टाकू नका. सेंट व्हिन्सेंटहून दिवसभर फेऱ्या येतात.

इथे होडीवर राहणं सोपं आहे. पाणी आणि डिझेल घेऊन बार्ज बाजूला येते, धुणं न्यायला माणूस येतो, वॉटर टॅक्सी हात केला की थांबते. रेडिओवर चॅनेल ६८ वर सगळी बोलाचाली चालते. १६ फक्त संकटासाठी आणि पहिल्या हाकेसाठी मोकळा ठेवायचा.

पहिल्या दिवशी काहीच करू नका. पोहा, झोपा. साडेनऊ तासांचा वेळेचा फरक अंगातून जायला तेवढं लागतंच. संध्याकाळी डिंगी घाटाला बांधा आणि बेलमाँटच्या पायवाटेनं पाण्याच्या कडेकडेनं चाला.

दुसऱ्या दिवशी गाव. कुणालाही काही विचारण्यापूर्वी 'गुड मॉर्निंग' किंवा 'गुड आफ्टरनून' म्हणा. दुकानात शिरतानाही, बसमध्ये चढतानाही. सरळ 'एटीएम कुठे?' असं विचारणं तिथे उद्धट समजतात, आणि आपल्याकडची हीच सवय असल्यामुळे हे मुद्दाम सांगतोय. एवढं पाळलंत की बेट तुमच्याशी बोलायला लागतं. पन्नाशीच्या पुढच्या माणसाशी क्रिकेट काढा. १९७१ च्या मालिकेत वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजला त्यांच्या घरी हरवलं आणि गावस्करांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, हे तिथल्या जुन्या जाणत्यांना ठाऊक असतं. भाजीबाजारात विक्रेते आग्रह फार करतात; दोन-तीन जणांकडून थोडं थोडं घ्या.

बेक्वेची ओळख होड्यांची आहे. किनाऱ्यावर, झाडाखाली, नकाशे न काढता दोन्ही टोकांना निमुळत्या लाकडी होड्या बांधायची परंपरा इथे आहे. मोठ्या होड्या आता क्वचित बांधल्या जातात, पण त्याच हातांनी केलेल्या प्रतिकृतींच्या कार्यशाळा गावात आहेत. सामान नेता येणार नसेल तरी तिथे बसून काम बघा. ईस्टरला शर्यती असतात, तेव्हा उपसागर होड्यांनी भरून जातो आणि जागा मिळणं अवघड होतं. इथे अजून उघड्या शिडाच्या होडीतून, हातानं भाला फेकून देवमाशाची शिकार करण्याचा हक्क टिकून आहे. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग वर्षाला सरासरी चार हंपबॅक देवमाशांची मर्यादा देतो. बेटावर याबद्दल मतं तीव्र आहेत. ऐकून घ्या, निवाडा करत बसू नका.

तिसऱ्या दिवशी टॅक्सीनं बेट फिरा: माउंट प्लेझंटवरून दक्षिणेची सगळी रांग दिसते, उत्तरेच्या हॅमिल्टन किल्ल्यावर जुन्या तोफा आहेत. दुपारी लोअर बेला पोहायला.

किनाऱ्यावर सावलीला बसताना झाड बघून बसा. मँचिनील नावाचं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं धरणारं झाड अत्यंत विषारी आहे. फळ तोंडाला लावायचं नाही, चीक अंगाला लागू द्यायचा नाही, आणि पावसात त्याच्याखाली उभंही राहायचं नाही. पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानं कातडीला फोड येतात. कुठे कुठे बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो, कुठे नसतो. मुलांना आधीच दाखवून ठेवा.

११. टोबॅगो कीज

नावात टोबॅगो असलं तरी त्या देशाशी याचा संबंध नाही. बेक्वेहून साधारण पंचवीस मैल. पेटी रामो, पेटी बातो, बाराडाल, जेम्सबी आणि पेटी टाबाक ही पाच निर्मनुष्य बेटं, आणि पूर्वेला घोड्याच्या नालेच्या आकाराचा प्रवाळाचा बांध. तुम्ही नांगर टाकता आणि समोर, वाऱ्याच्या दिशेला, थेट आफ्रिकेपर्यंत फक्त अटलांटिक असतो. वारा पूर्ण लागतो, पण लाट बांधावर फुटते.

शिरायची वेळ सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यानची. सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे हवा, एक जण गॉगल लावून पुढच्या टोकाला उभा हवा. नकाशाच्या पडद्यापेक्षा पाण्याच्या रंगावर विश्वास ठेवा. हे सागरी उद्यान आहे: दरडोई शुल्क घ्यायला रेंजर होडीवर येतात, पावती घ्या. बाराडालजवळ कासवं गवत खायला येतात. बोयांच्या आत डिंगी नेऊ नका, कासवांच्या अंगावर जाऊ नका, पाण्यात तरंगत थांबलात तर ती स्वतःच जवळून जातात.

परदेशी पाहुण्यांना भाल्यानं मासे मारायला संपूर्ण देशात बंदी आहे. शेवंडाचा बंद हंगाम १ मे ते ३१ ऑगस्ट. या काळात कुणी देऊ केला तरी नको म्हणा. एरवी पेटी बातोच्या वाळूवर मायरो-युनियनचे लोक शेवंड भाजून वाढतात. दुपारीच नाव नोंदवा, माणशी भाव ठरवा, शाकाहारी असाल तर सांगा, नीरफणस आणि केळ्यांचं ताट करून देतात.

मायरो आणि युनियनला जरूर थांबा. बेरिलनं सगळ्यात जास्त इथे मोडतोड केली. घरं उभी राहायला वेळ लागतो, पाहुण्यांचा पैसा तिथे थेट पोचतो. पाव, भाजी, एक जेवण, जे घेता येईल ते तिथे घ्या. मात्र पाणी, डिझेल आणि रोकड बेक्वेतच भरून निघा.

१२. परतीची वाट

दक्षिणेला जाताना वारा बाजूनं किंवा मागून असतो, म्हणून सगळं सोपं वाटतं. परत उत्तरेला येताना तोच वारा तोंडावर येतो. युनियन ते ब्लू लगून एका दिवसात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमान, असा बेत करू नका. एक रात्र कॅनुआनला, एक बेक्वेला, मग सकाळी ब्लू लगून. विमानाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत होडी परत दिलेली असावी. एकूण दहा दिवसांचा हिशेब असा बसतो: ताब्याचा एक, बेक्वेचे तीन, कीजचे दोन, मायरो-युनियनचा एक, परतीचे दोन, हाताशी एक.

ग्रेनेडालाच उतरणार असाल तर युनियनमध्ये सीमाशुल्क आणि इमिग्रेशनचा निर्गमन शिक्का घ्या, कॅरियाकूला पिवळं निशाण उभारून शिरा, आणि फक्त तांडेलानं कागद घेऊन किनाऱ्यावर जायचं. शिक्के होईपर्यंत बाकीचे होडीतच. सेलक्लिअर या संकेतस्थळावर आधी माहिती भरली तर खिडकीवरचा वेळ वाचतो. शिक्के झाले की पिवळं निशाण उतरवून ग्रेनेडाचा झेंडा उजव्या बाजूला चढवा. पुढे ग्रेनेडाच्या उत्तरेला किक-एम-जेनी हा पाण्याखालचा जागता ज्वालामुखी आहे. त्याच्याभोवती एरवी दीड किलोमीटरचं आणि धोक्याची पातळी वाढली की पाच किलोमीटरचं निषिद्ध वर्तुळ असतं. निघण्यापूर्वी पातळी विचारा.

आणि शेवटचा कागद भारतात उतरतानाचा. सफरीला जोडून त्रिनिदाद किंवा गयाना बघणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. त्या देशांतून सहा दिवसांच्या आत भारतात आलात आणि कार्ड नसेल, तर विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवतात. फक्त सेंट व्हिन्सेंट, ग्रेनेडा आणि बार्बाडोस केलं असेल तर हे लागत नाही.